हिरामण मिस्त्रीची कामटी

दोन हजार बावीस साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि हिरामण मिस्त्री एकसष्टचा. वय मुद्दाम सांगतो. त्या सालापर्यंत त्याला कोणी म्हातारा म्हटलं नव्हतं, आणि त्या सालानंतर त्याला कोणी मिस्त्री म्हटलं नाही.

नागभीडात त्याचं घर माझ्या घराला लागून. मधात कुडाची भिंत, तीही पडकी, त्यामुळं त्याच्या घरातलं बोलणं मला ऐकू यायचं आणि माझं खोकणं त्याला. मी लाकडाच्या डेपोत थप्प्या लावण्यात जन्म घालवला. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी जंगलात हिंडण्यात गेली. लिहिणं माझं काम नाही. पण हिरामणचं नाव निघालं की लोक आता एकच गोष्ट बोलतात, की बापानं पोरीचं वाटोळं केलं. बोलणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी त्या ओसरीवर नव्हता. मी होतो. म्हणून मी सांगणार. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं ऐकू नये.

हिरामण राईस मिलचा मिस्त्री. दिवाळी झाली की आमच्याकडं धान निघतं आणि मिलच्या फाटकापासून रोडपर्यंत ट्रॅक्टर उभे राहतात. त्या दिवसांत मिल बंद पडली की शेठचं तोंड सुतकासारखं होतं. हिरामण कोणत्याही मिलमध्ये बांधून नव्हता, तरी सगळ्या मिला त्याच्याच होत्या. अंगानं वाळका, उंच, खांदे पुढं आलेले, एका करंगळीचं टोक पट्ट्यात गेलेलं. सायकलच्या कॅरिअरला बांबूच्या कामट्यांची एक मोळी बांधलेली असायची. नवीन माणसाला वाटायचं हा बुरड आहे, टोपल्या विणतो.

त्या कामट्या म्हणजे त्याचं माप. दुसरे मिस्त्री काय करतात? झिजलेला भाग काढतात, पिशवीत टाकतात आणि गोंदियाला नाही तर चंद्रपूरला जाऊन तसाच नवीन आणतात. तोपर्यंत मिल उभी. हिरामणला हे पटत नव्हतं. झिजलेला का होईना, भाग चालून राहिला आहे ना, मग त्याला हात लावायचा नाही. घटकाभर थांबवून, आत हात घालून, वाळल्या कामटीवर माप घ्यायचं. लांबी, खाच, छिद्र, सगळं चाकूनं कामटीवर कोरायचं. ओला बांबू चालत नाही, ओला आकसतो. मग कामटी घेऊन दुकानात जायचं. दुकानदार हसायचे. एकदा मी त्याला म्हटलं, "मिस्त्री, जुना पार्टच घेऊन जात जा ना गा. बांबू काय दाखवतं लोकाईले?"

तो म्हणाला, "नामाभाऊ, तुमचा दात हालते. मी तो उपटून डॉक्टरले दाखवाले नेऊ का?"

आणि त्यानं आणलेला भाग बसायचा. मी पाहिलेलं आहे. हातोडी नाही, ठोकाठोकी नाही. टक् असा आवाज यायचा आणि तो हात पुसत म्हणायचा, "बसलं का चाललं." बसलं की चालणारच, हे त्याचं ठरलेलं वाक्य. बेअरिंगपासून जावयापर्यंत सगळ्याला तेच लावायचा. कुणाच्या लग्नात नवरानवरी शेजारी उभे दिसले की मान वाकडी करून पाहायचा आणि म्हणायचा, "बसलं."

चालू वस्तू थांबवायची नाही, हा त्याचा हट्ट सगळीकडं होता. एका वर्षी आमच्या वॉर्डातल्या मंडळानं नाटक बसवलं. दुपारी तालीम चालू आणि ऑर्गनचा भाता फाटला. पेटीतून सूर कमी आणि फुसफूस जास्त. हिरामणला बोलावलं. तो सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि सोल्युशन घेऊन ऑर्गनखाली शिरला. वाजवणारे मास्तर पाय काढून उठायला लागले तर खालून आवाज आला, "उठू नका मास्तर, मारत राहा. थांबले तं हवा कोठून जाते ते मले कसं समजल?" मग मास्तर पाय मारत राहिले, नायिका गात राहिली आणि रंगमंचावर तिच्या पदराजवळ हिरामणचे दोन वाळके पाय बाहेर निघालेले. सगळे हसून हसून लोळले. गाणं संपायच्या आत भाता दुरुस्त. बाहेर येऊन त्यानं नायिकेला सांगितलं, "बाई, तुमच्या गाण्याच्या मधात एक दम कमी पडते. तो ऑर्गनचा नाई, तुमचा आहे."

एकाच गोष्टीपायी तो स्वतःच्या हातानं मिल बंद ठेवायचा. आमच्याकडं धानाला पाणी द्यायचे दिवस आले की सगळ्या शिवारातले पंप एकदम लागतात आणि गावातली वीज मरते. बल्ब पिवळा पडतो, पंखा मोजून फिरतो. अशात मोटर चालवली की ती गुरगुरते, तापते आणि जळते. हिरामणच्या हातच्या किती मोटरी अशा गेल्या. मोटरीवर तळहात ठेवून तो उभा राहायचा आणि खटका पाडायचा. शेठ ओरडला तरी ऐकायचा नाही. "कमी व्होल्टेज" हे दोन शब्द तो चोराचं नाव घ्यावं तसे उच्चारायचा. "शेठ, पट्टा तुटला तं मी जोडतो. शाफ्ट वाकला तं सरळ करतो. कमी व्होल्टेजनं जळलेल्या मोटरीले मी काय करू? तिले फक्त पाहाचं."

हे सगळं ध्यानात ठेवा. पुढं जे झालं ते यातूनच झालं.

त्याला एकच पोरगी, करुणा. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर झालेली. रंगानं बापासारखी, बोलण्यात आईपेक्षा तिखट. ती लहान असताना अंगावर सूज यायची, हातपाय दुखायचे, रात्रंदिवस कण्हायची. तपासलं तर सिकल निघाला. आमच्या भागात घरोघरी आहे हा आजार, समजावून सांगायला नको. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांत अडकतात. डॉक्टरांनी हिरामणला आणि त्याच्या बायकोला, शेवंताला, समोर बसवून सांगितलं की तुम्हा दोघांत हा आजार अर्धा अर्धा होता, तुम्हाला त्रास नव्हता, पोरीत दोन्ही अर्धे एक झाले. हिरामणनं विचारलं, "पण डॉक्टरसाहेब, आम्ही दोघं तं नीट बसलो होतो. कधी भांडण नाई." शेवंतानंच त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

करुणा शिकली. दुखणं आलं की पडायची, उठली की पुस्तक घ्यायची. बी.कॉम. झाली. लग्नाचं कोणी विचारलं की पहिलं सिकलचं कार्ड मागायचे आणि मग चहा पिऊन जायचे. तिला त्याचं काही नव्हतं. ती मला म्हणायची, "काकाजी, नवरा नाई भेटला तं चालल. पण बाबाचे हात थकले का मले कोण पाहील? मले माहं स्वतःचं पाहिजे." उभं राहून करायचं काम तिला जमत नव्हतं. ऊन चालत नव्हतं, थंडी चालत नव्हती, धावपळ तर नाहीच. बसून, घरच्या घरी करता येईल असं काम पाहिजे होतं. असं काम नागभीडात कुठून आणायचं?

पण तिनं ते आणलं. जुना लॅपटॉप होता तिच्याजवळ, कोणाचा तरी वापरलेला. त्यावर शिकून, अर्ज करून, फोनवर इंग्रजीत बोलून तिनं दूरच्या एका कंपनीत काम मिळवलं. हेडफोन कानाला लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि लिहून घ्यायच्या. घरी बसून. दुखलं तर गादीवर बसून. ज्या दिवशी तिनं सांगितलं त्या दिवशी शेवंतानं घरात बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि हिरामण विनाकारण माझ्या अंगणात येऊन बसला. "बसलं, भाऊ," एवढंच म्हणाला.

अट एकच होती. सोमवारी सकाळी कंपनीचा माणूस तिचा लॅपटॉप तिकडून पाहणार होता, आणि त्यात मेमरी होती त्याच्या दुप्पट पाहिजे होती. नसली तर त्यांचं काम त्यावर चालत नाही आणि जागा दुसऱ्याला.

मेमरी म्हणजे काय ते तिनं आम्हा दोघांना ओसरीवर बसून समजावलं. मला एवढ्यासाठी कळलं की ती आमच्या बोलीत बोलली. "काकाजी, आपल्या घरी धानाची कोठी असते ना, तशी याची एक कोठी आहे, त्यात सगळं साठून राह्यते. ते भरपूर आहे. पण धान मळाले खळं लागते. मेमरी म्हणजे खळं. खळं लहान असलं का एका टायमाले थोडकंच पसरवता येते. म्हणून हा लॅपटॉप रडते." मग तिनं खालचं झाकण उघडून दाखवलं. बोटभर रुंदीची एक हिरवी पट्टी आत बसलेली, शेजारी तशीच एक जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत दुसरी पट्टी घालायची, झालं.

हिरामणचे डोळे लहान मुलासारखे झाले. "बस एवढंच? आणतो मी."

"बाबा, एवढंच नाई. नुसती बसून होत नाई. यात पिढ्या असतात. जुन्या पिढीच्या लॅपटॉपले नवीन पिढीची चालत नाई. वेग जुळला पाहिजे, आतला व्होल्टेज बी जुळला पाहिजे. मीच जाते चंद्रपूरले, मले माहीत आहे कोणती पाहिजे ते."

ती जाणारच होती. पण त्याच आठवड्यात तिला दुखणं आलं. मांड्या, कंबर, पाठ. शेवंता गरम पाण्याच्या पिशव्या बदलत राहिली. दवाखान्यात नेऊन सलाईन लावली, इंजेक्शन दिलं, परत आणलं. शनिवारी सकाळी तिचा जरा डोळा लागत होता, तरी ती बापाला सांगून राहिली होती, "बाबा, जुनी पट्टी काढून सोबत न्या. दुकानदार तिच्यावरून बरोबर देईल. आन तिथून मले फोन लावा."

हिरामण म्हणाला, "चालू मशीनचा भाग मी काढत नाई."

"ते राईस मिल नाई गा बाबा."

"मशीन ते मशीन. तू झोप."

तो ओसरीवर बसला. वाळकी कामटी घेतली, लॅपटॉप उघडला आणि त्या पट्टीवर डोळा लावून माप कोरायला लागला. मी बाजूला बसून पाहत होतो. पट्टीच्या खालच्या काठाला मधल्या जागेपासून थोडी बाजूला एक बारीक खाच असते. ती खाच त्यानं कामटीवर अशी कोरली की कामटी पट्टीला लावली तर दोन्हीतून एकच उजेड यावा. असं काम मी डेपोत, लाकूड कापायच्या आरा मशीनवर, कुठंच पाहिलं नाही. आजही म्हणतो, पाहिलं नाही.

आम्ही दोघं एसटीनं गेलो. मी का गेलो? त्यानं म्हटलं चला, म्हणून. सिंदेवाहीपर्यंत तो बोलत होता. करुणाच्या पहिल्या पगारात शेवंताला काय घ्यायचं, हेच. पुढं मूल गाव मागं पडल्यावर खिशातून कामटी काढून पाहत बसला.

चंद्रपुरातलं दुकान लहान होतं. चष्मा लावलेला, पोट सुटलेला दुकानदार. हिरामणनं कामटी काचेवर ठेवली. दुकानदारानं ती उचलली, उलटी केली, सुलटी केली.

"हे काय आहे, काका?"

"माप."

"कशाचं?"

"लॅपटॉपच्या मेमरीचं. अशी पट्टी द्या."

दुकानदार हसला. मग त्यानं खणातून एक पट्टी काढून कामटीला लावली आणि हसायचा थांबला. लांबी तीच, खाच तिथंच. "काका, हात आहे तुमच्याजवळ," तो म्हणाला. "तिसऱ्या पिढीची आहे ही. पण यात दोन येतात. दोन्ही दिसायला सारख्या, खाच सारखी. एक साध्या व्होल्टेजची, एक कमी व्होल्टेजची. तुमच्या लॅपटॉपला कोणती आहे?"

हिरामणचा चेहरा मी पाहिला. "कमी व्होल्टेजची नको," तो म्हणाला.

"अहो पण लॅपटॉपात कोणती आहे ते पाहावं लागेल. काही लॅपटॉपांना फक्त कमीवालीच चालते. जुनी पट्टी आणली का?"

"चालू मशीनचा भाग मी काढत नाई."

"मग घरी फोन लावा. तुमच्या पोरीला विचारा."

हिरामणनं फोन हातात घेतला. बटणांचा फोन होता. त्यानं तो पाहिला आणि परत खिशात ठेवला. "लेकरू किती दिवसाचं झोपलं नाई," तो मला म्हणाला, "आत्ता डोळा लागला असन. काऊन उठवू?" मग दुकानदाराकडं वळला. "हे पाहा भाऊ, कमी व्होल्टेजनं माह्या हातच्या मोटरी जळाल्या. मी जन्मभर तेच पाह्यलो. मले पूर्ण व्होल्टेजची द्या. मजबूत."

दुकानदारानं मला विचारलं, "आजोबा, तुम्हाला काही माहीत आहे?" मला तो माणूस आगाऊ वाटला. मिस्त्री बोलून राहिला असताना माझ्याकडं कशाला पाहायचं? मी म्हटलं, "मिस्त्रीले माहीत आहे." दुकानदारानं खांदे उडवले आणि पट्टी डबीत घालून दिली. "नाही चाललं तर जुनी घेऊन या, बदलून देतो," असं तो म्हणाला होता. हे मी त्याच्या बाजूनं सांगून ठेवतो. तो माणूस वाईट नव्हता.

रविवारी सकाळी करुणाला जरा बरं होतं. ती ओसरीवर टाकलेल्या गादीवर भिंतीला टेकून बसली. शेवंता चुलीपाशी होती, मी ओसरीच्या पायरीवर. लॅपटॉपला चार्जर लावलेला, कारण त्याची बॅटरी जुनी होती आणि चार्जरशिवाय तो फार वेळ टिकत नव्हता. हिरामणनं लॅपटॉप बंद केला, उलटा केला, डबीतून पट्टी काढली, तिरपी धरून रिकाम्या जागेत घातली आणि अंगठ्यानं खाली दाबली. दोन्ही बाजूच्या पकडी टक् करून बसल्या.

तो माझ्याकडं पाहून हसला.

मग करुणानं बटण दाबलं. खालचा दिवा लागला. पंखा फिरल्याचा आवाज आला. पडदा काळाच. तिनं बंद केलं, परत लावलं. दिवा, पंखा, काळा पडदा.

"बाबा, कोणती आणली?"

"माप बरोबर आहे."

"माप नाई. व्होल्टेज कोणता?"

"पूर्ण."

तिनं डोळे मिटले. चिडली नाही. हळू बोलली, "बाबा, याले कमीवाली लागते. दिसाले सारख्याच असतात. काही नाई झालं. काढून टाका. जुनीवर चालू होऊन जाईल. मी त्याईले सांगते, दोन दिवस मागून घेते. सोमवारी दुकानात बदलून आणता येईल."

इथं तो थांबला असता तर मला आज लिहायला काही नव्हतं. पण त्याच्या जन्मात असं पहिल्यांदा झालं होतं. वस्तू बसली होती आणि चालत नव्हती. त्यानं मान हलवली. "थोडी वर राह्यली असन. परत बसवतो."

"बाबा, नाई ना. बसूनच आहे ते."

"बसली आहे तं मग चालल."

"पयले चार्जर काढा. बॅटरी काढा. मग हात लावा."

"चालत्या मोटरीवर पट्टा चढवतो मी," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "याले काय होते?"

लॅपटॉप तसाच उलटा केला. पंखा फिरतच होता. त्यानं पकडी सोडवून पट्टी ओढली, परत घातली, दाबली. परत ओढली. करुणा गादीवरून पुढं सरकली, चार्जरच्या वायरकडं हात लांबवला, पण कंबरेतून कळ आली आणि ती तिथंच वाकली. तेवढ्यात चट् असा बारीक आवाज झाला. केस जळाल्यासारखा वास आला. पंखा थांबला.

मग जुनी पट्टी एकटी लावून पाहिली. चार्जर काढून, लावून पाहिलं. बटण दाबत राहिले बापलेक. दिवासुद्धा लागला नाही.

शेवंता आतून म्हणाली, "काय जळालं व?"

करुणानं पाणी मागितलं. पिऊन झालं आणि म्हणाली, "मी झोपते जरा, बाबा." आणि भिंतीकडं तोंड करून पडली. हिरामण तिच्या पाठीकडं पाहत बसला. हातात ती नवीन पट्टी. थोड्या वेळानं त्यानं मला विचारलं, "भाऊ, बसली होती ना? तुम्ही पाह्यली ना?"

"बसली होती," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी कंपनीचा फोन आला. भिंतीतून मला तिचं अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी ऐकू आलं. लॅपटॉप नाही म्हणाली. वेळ मागितला. मग बरंच थँक्यू थँक्यू झालं आणि फोन बंद झाला. हिरामण तोच लॅपटॉप घेऊन परत चंद्रपूरला गेला, यावेळी एकटा. दुकानदारानं उघडून पाहिलं आणि सांगितलं की मुख्य बोर्डच गेला, यात आता जीव नाही. दुसरा लॅपटॉप त्या घरात येणं म्हणजे काय, ते मी सांगत नाही. ज्याच्या घरी सिकल आहे त्याला माहीत आहे की घरातली कमाई कुठं जाते.

करुणा त्याला एका शब्दानं बोलली नाही. तिनं त्याला दोष दिला असता, ताट आपटलं असतं, तर मला वाटतं तो वाचला असता. ती उलट जास्त गोड बोलायला लागली. "बाबा, चहा घेता का," "बाबा, टोपी घाला, थंडी आहे." तो त्या गोडीनं वाळत गेला. रोज एकदा अंगणात येऊन मला विचारायचा, "बसली होती ना, भाऊ?" मी रोज होय म्हणायचो. एक दिवस मी चिडून म्हटलं, "मिस्त्री, बसली होती, पण आता सोड ना गा." तर म्हणाला, "सोडू कसं? बसली आन चालली नाई, तं मंग मी आजवर जे बसवलं, ते कोणत्या भरवशावर बसवलं?" माझी चौथी शिकलेली अक्कल तिथं थांबली. शिकलेल्यांची थांबली नसती असं मला कोणी सांगू नये.

त्याच वर्षी करुणा चंद्रपूरला गेली. एका कपड्याच्या दुकानात काम लागलं, उभं राहून घड्या उलगडायच्या आणि परत घालायच्या. शेवंता जाऊ देत नव्हती. करुणा म्हणाली, "किती दिवस बाबाच्या हातावर बसू?" पहिल्या थंडीतच तिला परत आणावं लागलं. खुब्याचं हाड गेलं म्हणाले, सिकलमध्ये असं होतं. आता ती एक पाय ओढत चालते. घराच्या दारापर्यंत येते आणि चौकटीला धरून उभी राहते. मी रोज पाहतो तिला. हसते अजून, पण आता तिच्या बोलण्यात तिखट राहिलं नाही.

तिला आणली त्याच हंगामात मोठ्या मिलचा शाफ्ट अडकला. दोन दुसरे मिस्त्री पाहून गेले. शेवटी शेठ स्वतः मोटरसायकलवर हिरामणच्या दारी आला. हिरामण जात नव्हता. करुणा आतून म्हणाली, "बाबा, जा ना. तुमच्याशिवाय नाई होणार त्याईचं." तेव्हा तो उठला. मीही मागून गेलो.

मिल बंद होती. एवढी मोठी मिल गप्प असली की कसं तरी वाटतं, कोंड्याची धूळसुद्धा खाली बसून गेलेली. ट्रॅक्टरवाले जागा करून बाजूला झाले. हिरामण शाफ्टजवळ गेला, वाकून पाहिलं. बेअरिंगच्या कडेवरून बोट फिरवलं. शेठ म्हणाला, "काय पाहिजे ते सांग, हिरामण. गाडी देतो, माणूस देतो." हिरामण सरळ झाला, तळहात धोतरावर पुसला.

"दुसरा पाहा, शेठ."

"अरे, तू माप तरी घे."

"मापानं काही समजत नाई," तो म्हणाला आणि बाहेर पडला. ट्रॅक्टरवाल्यांमधून कोणी तरी हसून बोललं, "मिस्त्री आता लॅपटॉपच दुरुस्त करते." माझ्या हातात काठी होती. मी उगारली. हिरामणनं मागं वळूनही पाहिलं नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर झालं नाही. आमच्याकडचे लोक धानाचं काम संपलं की तेलंगणात मिरच्या तोडायला जातात. पुरी गाडी भरून जातात, तिकडंच शेतात झोपड्या करून राहतात. हिरामण त्या वर्षी गेला आणि तिकडंच उन्हात त्याचा जीव गेला. मातीही तिकडंच झाली. शेवंताला फोनवर कळलं.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते मिलमधून तो निघून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मी चहाच्या टपरीवर होतो. रोडच्या कडेला मजुरांची गाडी उभी होती, मागं बायाच बाया, पोरं, भांडी, गाठोडी. त्यांच्यामध्ये हिरामण. अंगावर घोंगडी, मांडीवर एक पिशवी. या कामाला त्याच्या वयाचा माणूस कोणी घेत नाही. त्याला कसा घेतला कोण जाणे.

मी गाडीजवळ गेलो. "कुठी, मिस्त्री?"

"मिरच्या तोडाले."

"तू? तुले काय येते मिरच्याचं?"

बाजूच्या बाया आपसात बोलत होत्या, कोणाचं तरी पोरगं रडत होतं.

"त्यात काय जुळवाचं असते, भाऊ," तो म्हणाला. "लाल दिसली का तोडाची."

ड्रायव्हरनं हॉर्न मारला. एक बाई उशिरा धावत आली आणि तिला चढायला जागा नव्हती. हिरामण सरकला, पाय पोटाशी घेऊन बसला, आणि ती त्याच्या जागेवर बसली.